उशाशी आवाज : रामाकोना परिसरातील निजेच्या ऐकण्याचा इतिहास

झोप यावी म्हणून काहीतरी ऐकत पडणे ही सवय आजकालची वाटत असली, तरी तिचा लेखी पुरावा फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल आणि अतिकृश देहांची चर्चा करता करता ग्रंथकार निद्रेकडे वळतो आणि झोप न येणाऱ्याला तेलाचे मर्दन, स्नान, दूध, दही, अंग चेपून घेणे आणि चांगले अंथरूण यांच्या बरोबरीने मनाला रुचणारे गंध व मनाला रुचणारे शब्द, म्हणजे ध्वनी, हेही उपाय सांगतो. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला देहाचा 'उपस्तंभ', म्हणजे टेकू, मानणाऱ्या या शास्त्राने आवाजाला उपचारांच्या यादीत बसवले. मात्र तो आवाज कोणी काढावा, किती वेळ काढावा आणि काढणाऱ्याने स्वतः केव्हा झोपावे, याविषयी त्याने काही म्हटलेले नाही. या विषयाचा इतिहास लिहिताना मुख्य अडचण साक्षीदाराची येते. झोपणारा माणूस हा स्वतःच्या झोपेचा अर्धाच साक्षीदार असतो, कारण आवाज कोठे सुरू झाला हे तो सांगू शकतो, पण त्याच्यापुरता तो कोठे संपला हे त्याला कधीच ठाऊक नसते. म्हणून साक्ष काढावी लागते ती त्या वेळी जाग्या असलेल्यांची.

रामाकोना हे गाव सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, कन्हान नदीच्या खोऱ्यात, छिंदवाड्याहून सौंसर-सावनेरमार्गे नागपूरला जाणाऱ्या वाटेवर आहे. घाट उतरून खाली आले की जमीन काळी होते, कापूस, ज्वारी आणि संत्र्याच्या बागा दिसू लागतात, आणि कानावर मराठी पडू लागते. देवगडच्या गोंड राजांचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा आणि १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांचा असा हा मुलूख १८६१ पासून नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यातूनच २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात छिंदवाड्याच्या दक्षिण भागातील मराठी नागपुरी बोलीत गणली आहे. कचेरीत हिंदी, घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, शेजारी गोंडी आणि पोवारी, अशा तिठ्यावरच्या मुलखात माणूस कोणत्या भाषेत झोपी जातो हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. बाजाराची, शाळेची, अर्जाची भाषा बदलली तरी निजेची भाषा मागे रेंगाळते, असे या पट्ट्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

निजेच्या आवाजांत पहिला मान अंगाईचा आहे, परंतु तिची आणि पाळण्याची नेहमी गल्लत होते. पाळणा हे समारंभाचे गीत आहे. बारशाला, म्हणजे जन्मानंतरच्या बाराव्या दिवशी होणाऱ्या नामकरणाला, रामनवमीच्या भर दुपारी आणि गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री तो जमलेल्या बाया मोठ्याने म्हणतात, आणि त्याने पाळण्यातले बाळ खरोखरच झोपले तर तो योगायोग समजावा. अंगाई कोणी ऐकायला नसताना म्हटली जाते. तिचे शब्द तुटपुंजे असतात, सूर दोन-तीनच असतात, आणि 'जो जो' या अर्थ नसलेल्या अक्षरांवर ती पुन्हापुन्हा येऊन टेकते. 'जोजवणे' हे क्रियापद मराठीला त्या अक्षरांतूनच मिळाले. मार्कंडेय पुराणातील मदालसा राणीने मुलांना जोजवताना वैराग्याचा उपदेश केला आणि पहिले तिघे मुलगे राज्याकडे पाठ फिरवून निघून गेले, ही कथा कीर्तनकार आवडीने सांगत आले, आणि अंगाईतल्या शब्दांचा परिणाम होतो ही समजूत तिच्यामागे उघडच आहे. कापूस वेचायला गेलेल्या बाईला मात्र शब्दांपेक्षा दोरी महत्त्वाची असते.

ही बाई तान्ह्या लेकराला बरोबर नेते, बांधावरच्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी टांगते आणि दोन ओळी वेचून झाल्या की येऊन तिला एक झोका देते. घरी तीच झोळी आढ्याला, म्हणजे छपराच्या मुख्य आडव्या लाकडाला, बांधलेली असते, आणि तिची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून बाई सुपातले दाणे निवडत बसते. एक मीटर लांबीने लोंबणारी झोळी जाऊन परत यायला सुमारे दोन सेकंद घेते आणि दोन मीटरची झोळी जवळपास तीन. झोका जोराचा दिला काय आणि हलका दिला काय, लंबकाच्या या हिशेबात फारसा फरक पडत नाही. गाणे त्या फेऱ्यावर बसवावे लागते, त्यामुळे खुज्या बाभळीखाली अंगाई लगबगीची होते आणि उंच आढ्याखाली तीच अंगाई संथ होते. लोकगीतांच्या संग्रहांत अंगाईचे शब्द जपून उतरवलेले आढळतात. दोरीची लांबी कोणी नोंदवलेली नाही, आणि लय तर तिनेच ठरवलेली असते.

मूल तीन-चार वर्षांचे झाले की झोळीची जागा गोष्ट घेते. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, ही समजूत मध्य भारतात दूरवर पसरलेली आहे. तिच्यामुळे गोष्टीचा वेळ रात्रीपुरता बांधला गेला आणि दिवसाची कामे गोष्टीपासून वाचली. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हूं' म्हणायचे असते, याला हुंकार देणे म्हणतात. हा हुंकार म्हणजे सांगणाऱ्याच्या हातातले मोजमाप होय. अंगणातल्या बाजेवर, अंधारात, नातवाचा चेहरा दिसत नसताना आजीला त्याच्या झोपेचा अंदाज हुंकारावरूनच येतो: आधी तो ठणठणीत असतो, मग वाक्य संपल्यावर किंचित उशिरा येऊ लागतो, मग एखादा चुकतो आणि पुढचा दचकून येतो, आणि शेवटी आजी वाक्य अर्धे सोडून क्षणभर थांबते तेव्हा पलीकडून काहीच येत नाही. गोष्ट तेथेच संपते; राजपुत्र जंगलातच राहतो. दुसऱ्या रात्री ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे अनेकांना लहानपणीच्या गोष्टींचे आरंभ तोंडपाठ असतात आणि शेवट मोठेपणी पुस्तकात वाचून कळतात.

या कामासाठी काही गोष्टी मुद्दाम घडवलेल्या दिसतात. कोठारातला एकेक दाणा एकेक चिमणी घेऊन उडते ती गोष्ट कोठार रिकामे होईपर्यंत चालू शकते, म्हणजे व्यवहारात कधीच संपत नाही. शेणाच्या घरातला कावळा पावसात मेणाच्या घरातल्या चिमणीचे दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे एकेक काम पुढे करून त्याला थांबवते, ही मराठी घराघरांतली गोष्ट तर आणखी धूर्त आहे, कारण न्हाऊ घालणे, पुसणे, काजळ घालणे यांनंतर चिमणी आपल्या बाळाला निजवू लागते आणि ऐकणाऱ्या बाळालाही त्याच क्रमाने निजेपर्यंत आणून सोडते. व्हेरिअर एल्विन यांचा महाकोशलातील, म्हणजे मध्य प्रांताच्या नागपूरबाहेरील उत्तर-पूर्व भागातील, लोककथांचा संग्रह १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दुर्गा भागवतांनी मराठीत लोकसाहित्याच्या अभ्यासाची पायाभरणी केली. परंतु संग्राहक दिवसा येतो, सांगणाऱ्याला पूर्ण कथा विचारतो आणि पूर्ण कथाच छापतो. रात्री प्रत्यक्ष सांगितली गेलेली, हुंकारांनी तोललेली आणि मध्येच तुटलेली कथा हा वेगळाच वाङ्मयप्रकार आहे, आणि तो छापण्याजोगा नाही.

पहाटेच्या निजेचा आवाज जात्याचा होता. जात्यावर दळताना म्हटली जाणारी ओवी, म्हणजे अक्षरांच्या संख्येपेक्षा श्वासावर आणि खुंट्याच्या फेऱ्यावर तोललेला छोटा पद्यबंध, ही मराठी बायकांची सर्वांत जुनी ज्ञात रचना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. या ओव्यांचा अभ्यास गाणारीच्या बाजूने पुष्कळ झाला आहे आणि तो तसाच व्हायला हवा होता. पण त्या ओव्यांना दुसरा एक श्रोताही होता, जो गोधडीत होता. ओवी त्याच्यासाठी म्हटलेली नव्हती. पहाटे थंडी वाढल्यावर अर्धवट जाग आलेल्या मुलाला दगडावर दगड घासल्याची घरघर आणि तिच्यावर तरंगणारा आईचा आवाज ऐकू येई, आणि तो ऐकतच ते पुन्हा झोपी जाई. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या या मुलखात दळण रोजचे होते, म्हणजे बाईची पहाटेची झोप रोजचीच बुडत होती. एकाची साखरझोप दुसऱ्याच्या जागरणातून येत होती, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण या आवाजाच्या आठवणी बहुधा झोपलेल्यांनीच लिहिल्या आहेत. पुढे गावोगाव चक्की, म्हणजे पिठाची गिरणी, आली. तिने बायकांची पहाट सोडवली आणि हा आवाज संपवला, आणि या अदलाबदलीत तोटा कोणाचा झाला असे विचारले तर जाते ओढलेली एकही बाई ओवीचे नाव घेणार नाही.

रात्रीच्या मधल्या प्रहरांवर कोटवाराचा हक्क होता. कोटवार म्हणजे मध्य प्रांतातील गावचा सरकारी पहारेकरी. वऱ्हाडात आणि पश्चिमेकडे याच कामाला कोतवाल किंवा जागल्या म्हणत, बहुतेक गावांत ते महार समाजाकडे असे, आणि त्याचा मोबदला धान्याच्या वाट्यात किंवा तुटपुंज्या जमिनीत मिळे. मध्य प्रदेशाच्या १९५९च्या भू-राजस्व संहितेतही हे पद कायम ठेवलेले आहे. काठी आपटत, ओरडत फिरणाऱ्या या माणसाच्या हाकेत मोठा विरोधाभास होता: 'जागते रहो' असा हुकूम सोडायचा, आणि तो ऐकून गावाने कूस बदलून निश्चिंत झोपायचे. हाकेच्या शब्दांचा अर्थ जागण्याचा होता, पण ती ऐकणाऱ्याला कळे ते एवढेच की आपल्या वतीने कोणीतरी जागे आहे. या पट्ट्यातील निजेच्या सगळ्या आवाजांना एकत्र बांधणारा धागा हाच असावा. अंगाई गोड असते, जाते कर्कश असते, कोटवाराची हाक तर दचकवणारीच असते. तरी तिन्हींनी झोप येई, कारण तिन्ही आवाजांमागे जागा माणूस होता आणि झोपणाऱ्याला तो ओळखू येत होता. युरोपात अशी सोय पैसे मोजून झाल्याची एक प्रसिद्ध कथा आहे. निद्रानाशाने त्रासलेल्या काउंट कायझरलिंक यांच्यासाठी गोल्डबर्ग नावाचा तरुण वादक शेजारच्या खोलीत बसून रात्री बाखची रचना वाजवत असे, असे फोर्केल याने १८०२ मध्ये बाखच्या चरित्रात लिहिले. कथेच्या खरेपणाबद्दल संगीताचे अभ्यासक साशंक आहेत. पण वादक त्याच खोलीत नको आणि फार दूरही नको, हा तिच्यातला तपशील कोटवाराच्या अंतराशी चांगला जुळतो.

देवांनाही ही सोय आहे. पंढरपुरास रात्री शेजारती होते, म्हणजे विठ्ठलाला निजवण्याची आरती, आणि पहाटे काकड आरतीने त्याला उठवले जाते. आषाढी-कार्तिकीच्या यात्राकाळात मात्र देवाचा पलंग काढून ठेवतात, दर्शन रात्रंदिवस चालू राहते आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजेने देवाचा शीण काढला जातो. सौंसरजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली असलेली हनुमानाची मूर्ती तर पहुडलेल्या स्थितीतच आहे, आणि मराठी व हिंदी दोन्ही मुलखांतले लोक तिच्या दर्शनाला येतात. भजन-कीर्तनाचा आणि झोपेचा संबंध यापेक्षा नाजूक आहे, कारण कीर्तनात डुलक्या घेणाऱ्याची संतांनी हजेरी घेतली आहे. तरीही आईच्या मांडीवर टाळांच्या गजरात गाढ झोपलेले पोर प्रत्येक सप्ताहात दिसतेच, आणि त्याला कोणी उठवत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यात टाकलेल्या अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेज, रामाकोन्याहून नागपूर-छिंदवाडा अशी जाऊ लागली आणि गावाच्या आवाजात वेळेची एक खूण वाढली. पांढुर्ण्याला इटारसी-नागपूर मोठ्या मार्गावरच्या गाड्यांचा धडधडाट रात्रभर असतो. रामाकोन्याची गाडी त्यामानाने हळू, मोजकी आणि घरगुती होती. आगगाडीच्या डब्यात झोपलेल्या प्रवाशाचा एक अनुभव सार्वत्रिक आहे: गाडी चालू असते तोवर तो झोपतो आणि ती आडस्टेशनावर थांबली की त्याला जाग येते. आवाजाने झोपलेल्याला उठवायला शांतता पुरते. २०१५ च्या अखेरीस मोठ्या रुळांच्या कामासाठी नॅरोगेज बंद झाली आणि पुढे त्याच वाटेने मोठी गाडी आली.

या सगळ्या आवाजांचा माणसाच्या अंतराशी असलेला संबंध तोडला तो रेडिओने. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा रामाकोना आणि नागपूर एकाच राज्यात होते. आठ वर्षांनी ते वेगळ्या राज्यांत गेले, परंतु ५८५ किलोहर्ट्झवर येणाऱ्या मराठीला सीमा कळण्याचे कारण नव्हते. सरकारी पत्र भोपाळहून हिंदीत येऊ लागले त्या काळात रात्रीची मराठी नागपूरहून येतच राहिली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले; त्यांनी चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि त्याच वर्षी शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम शनिवारी रात्री सुरू केला. देशाने जागे राहून राग ऐकावेत अशी त्यांची अपेक्षा होती. खेड्यातल्या श्रोत्याने विलंबित ख्यालाचा जो उपयोग केला तो त्यांच्या मनात नक्कीच नव्हता, मात्र चरकाला तो पसंत पडला असता. चित्रपटगीतांसाठी लोक रेडिओ सिलोनकडे वळले, तेव्हा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिची जाहिरातींची सेवा मुंबई, पुणे आणि नागपूर येथूनच पहिल्यांदा चालू झाली. रात्री दहाचे 'छायागीत' आणि त्यानंतरची 'आप की फरमाइश' यांनी दोन पिढ्यांची निजेची वेळ ठरवून दिली.

रेडिओ उशाशी आला तो ट्रान्झिस्टरमुळे. दिवाणखान्यातला व्हॉल्वचा रेडिओ वीज मागे आणि जागचा हलत नसे. त्याला दरवर्षी टपालकचेरीतून परवान्याचे पुस्तक शिक्का मारून आणावे लागे, आणि ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. सेलवर चालणारा, चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर बाजेवर, बैलगाडीत आणि शेतातल्या खोपीत जाऊ लागला. त्याच्या पोटात फेराइट नावाच्या काळ्या चुंबकी पदार्थाची कांडी असते, तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते आणि तीच त्याची मध्यम लहरींची एरियल. कांडीचे टोक प्रक्षेपकाकडे झाले की आवाज बसतो आणि ती आडवी झाली की खुलतो. खेड्यातल्या माणसाने हे कोठे वाचलेले नसते, पण पडल्या पडल्या संच उशाशी जरासा फिरवून नागपूर 'लावायचे' त्याला बरोबर जमते. सेल उतरू लागले की ते दिवसा छपरावर उन्हात ठेवायचे आणि रात्री अर्धा तास अधिक मिळवायचा, हा त्यातलाच दुसरा हिशेब. मध्यम लहरींचा स्वभावही रात्रीचाच आहे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो, जो या लहरी शोषून घेतो; सूर्यास्तानंतर तो विरतो, लहरी त्याहून उंच थरांवर आदळून परततात आणि शेकडो मैलांवरची केंद्रे ऐकू येतात. त्यांचा आवाज लाटेसारखा चढतो, उतरतो, मध्येच दुसऱ्या भाषेतले एखादे वाक्य पुढे येऊन मागे जाते, आणि ऐकणारा नेमक्या या चढउतारात हरवतो.

तरीही रेडिओ अकराच्या सुमारास स्वतःच झोपत असे, आणि उरे ती फक्त खरखर. ही उणीव भरून निघाली ती रामाकोन्यापासून फार दूर नाही अशा जागेवरून. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीने राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू केली, जी मुळातच रात्रीसाठी होती. कार्यक्रम दिल्लीत होत आणि १५६६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे १९१ मीटर लांबीच्या लहरीवर, नागपूरनजीकच्या एक मेगावॅट, म्हणजे १००० किलोवॅट, शक्तीच्या प्रक्षेपकावरून देशभर फेकले जात. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने एकाच ठिकाणाहून रात्री बहुतेक भारत झाकता येतो, हे त्या निवडीमागचे कारण. त्यामुळे झाले असे की ज्या आवाजासाठी दूरच्या मुलखातल्या श्रोत्याला संच फिरवत बसावे लागे, तो सौंसर-रामाकोन्याच्या खोपीत स्वस्तातल्या संचावरही दणदणीत येई. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गाणी, वार्तालाप, मुलाखती आणि रात्रभर ठरावीक अंतराने बातम्या, असे त्याचे रूप होते. रात्री अडीच वाजता निवेदक बातम्या वाचतो आहे, म्हणजे राज्य जागे आहे. कोटवाराची हाक येथे दिल्लीहून, नागपूरमार्गे, येत होती. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ वर मध्यरात्रीनंतर खलाशांसाठी वाचले जाणारे सागरी हवामानाचे वृत्त समुद्र न पाहिलेली माणसेही झोपण्यासाठी ऐकतात, त्यातही हेच आहे: माहिती आपल्या कामाची नाही, वाचणारा मात्र आपल्या कामाचा आहे. आणि येथे निजेच्या भाषेविषयीचे मघाचे विधान थोडे मागे घ्यावे लागते, कारण ही सेवा मुख्यतः हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत होती आणि तिच्यावर मराठी माणसे निवांत झोपत होती. तरुण वयात माणूस परक्या भाषेतही झोपू शकतो. तान्हेपणी आणि म्हातारपणी बहुधा नाही.

या सेवेचा सर्वांत निष्ठावंत श्रोता मात्र झोपायला मनाई असलेला होता. जागल, म्हणजे उभ्या पिकाची रात्रीची राखण, हे या पट्ट्यातले दरवर्षीचे काम आहे. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाय, एका रात्रीत पीक आडवे करतात, म्हणून शेतकरी खोपीत किंवा माळ्यावर, म्हणजे चार खांबांवर बांधलेल्या मचाणावर, रात्र काढतो. त्याने रेडिओ लावला तो स्वतः जागे राहण्यासाठी आणि जनावरांना माणसाची चाहूल लागावी म्हणून. पलीकडच्या शेतातला जागली तोच कार्यक्रम ऐकत असे आणि दोन्ही संचांचा आवाज एकाच वाक्यावर जुळलेला असे. एकाचा मध्येच थांबला तर दुसरा हाक मारून विचारी. जानेवारी २०१९ च्या सुमारास राष्ट्रीय प्रसारण सेवा बंद करण्यात आली. तोवर मोबाइल सगळीकडे झाला होता, आणि तक्रार फारशी झाली नाही.

मोबाइलविषयी लांबण लावण्याची गरज नाही. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने पावसाचा, नदीचा, पंख्याचा आवाज, हरिपाठ, कथाकथन, मराठी बोलती पुस्तके असे सगळे एका पडद्याखाली आणले, आणि ठरावीक मिनिटांनी आवाज आपोआप बंद करण्याची सोयही दिली. ही सोय म्हणजे हुंकाराची उलट बाजू होय: आजी ऐकणाऱ्याच्या झोपेची वाट पाहून थांबत असे, यंत्र घड्याळाकडे पाहून थांबते. कानात बोंड घालून एकट्याने ऐकण्याची रीतही नवी आहे. अंगाई, जाते, हाक आणि अंगणातला ट्रान्झिस्टर हे सारे एका आवाजात अनेकांना निजवत होते. दुसऱ्याचा आवाज नकोसा झाल्यावर कायद्याला मध्ये यावे लागले, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करून निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली.

गावाबाहेर मात्र ध्वनिक्षेपक रात्रीच बोलू लागला आहे. गेल्या काही वर्षांत बाजारात चार्जिंगवर चालणारे छोटे भोंगे आले आहेत, ज्यांत आवाज भरून ठेवता येतो आणि तो रात्रभर पुन्हापुन्हा वाजत राहतो. काहींत वाघाची डरकाळी असते, पण जनावरे तिला सरावतात असे शेतकरी सांगतात आणि म्हणून पुष्कळजण स्वतःचाच आवाज भरतात. हुर्र, हाड, हो हो, अशा आरोळ्या संध्याकाळी एकदा ओरडून घ्यायच्या, भोंगा बांधावरच्या खांबाला बांधायचा आणि खोपीत जाऊन पडायचे. शेतकऱ्याचा आवाज अशा रीतीने त्याच्या वतीने जागल करतो आणि त्याच आवाजावर तो स्वतः झोपतो. बॅटरी संपत आली की आरोळी आधी बारीक होते, मग फाटते, मग मध्येच तुटते. आणि खोपीतल्या माणसाला जाग येते ती त्यानंतरच्या शांततेने.